खड्ड्यातलं अपील

एसटीतून उतरला की तो माणूस आधी गाडीच्या पत्र्यावर दोन थापा मारायचा. गाडी हलली की मगच वाटेला लागायचा. नोकरी सुटून वर्षं झाली होती, तरी आपल्या थापेशिवाय गाडी पुढे जाणार नाही अशी त्याची खात्री होती. ड्रायव्हर शिव्या घालायचे. एकदा एका ड्रायव्हरने मुद्दामच गाडी हलवली नाही. हा थाप मारतोय, तो हलत नाही, आणि आतली माणसं दोघांच्या नावाने ओरडतायत. मी बाजाराची पिशवी घेऊन फाट्यावर उभी होते. मला वाटलं, ह्या माणसाच्या बायकोने काय पाप केलं असेल.

गावात त्याला सगळे कंडक्टर म्हणायचे, पण पाठीमागे. तोंडावर तो गावचा जावई. मूळचा टोकावड्याकडचा, मुरबाड तालुक्यातला. तिथे भावांशी घराच्या मधल्या कुडावरून बिनसलं आणि निवृत्त झाल्यावर बायकोला घेऊन तिच्या माहेरी, म्हणजे आमच्या किन्हवलीच्या बाजूला येऊन राहिला. बायको माझ्या नवऱ्याच्या भावकीतली, नात्याने माझी नणंद. म्हणून मी त्याला भावोजी म्हणायचे आणि तो मला वयनी.

आमच्याकडे गावच्या जावयाला कोणी वाकडं बोलत नाही. आला की पायांवर पाणी, बसायला घोंगडी, पहिला कप त्याला. चार दिवसांच्या पाहुण्याला हे ठीक आहे. हा कायमचा राहिला, त्यामुळे सगळ्या गावाची पंचाईत झाली. भांडण कोणाचंही असो, नळाचं, बांधाचं, कबड्डीचं, हा मध्ये येऊन बोलणार आणि त्याला गप्प बसा म्हणायची कोणाला सोय नाही. बाप्ये लोक माना खाली घालून ऐकायचे आणि तो गेला की एकमेकांना विचारायचे, ह्याला परत टोकावड्याला कोण नेऊन घालील?

उंच, काटकुळा, सहा फुटांच्या वर. खाकी कपडे नोकरीबरोबर गेले, पण कानावरची पेन्सिल राहिली. चालायचा तो पाय फाकवून, धावत्या गाडीत तोल सांभाळल्यासारखा. लग्नाच्या पंगतीत दोन पानांमध्ये जागा दिसली की सांगणार, पुढे सरका, मध्ये माणूस बसतोय.

आणि त्याला नाद होता अपिलाचा. कोणाला दारूचा असतो, कोणाला मटक्याचा असतो, ह्याला हा होता.

हा नाद लागला नोकरीत. एका म्हाताऱ्याने तिकिटाची सुरळी करून कान कोरला आणि ती खिडकीतून बाहेर टाकली. पुढच्या थांब्यावर तपासनीस चढला. म्हातारा म्हणाला, मी पैसे दिलेत. तिकीट कुठाय म्हटल्यावर त्याने कंडक्टरकडे बोट केलं. झालं, पैसे खाल्ले म्हणून कंडक्टर निलंबित. ह्याने वर अपील केलं. तिथे नाही म्हणाले, त्याच्या वर केलं. काही वर्षं घरी बसून कागद लिहिले आणि शेवटी जिंकून परत गाडीवर चढला. ती गोष्ट सांगताना त्याचे डोळे चमकायचे.

"ती वर्षं मी खरा जगलो, वयनी," तो म्हणायचा.

"आणि मी म्हशीखाली," आतून त्याची बायको म्हणायची. तेवढी वर्षं घर तिने दुधावर चालवलं होतं.

तेव्हापासून कोणी कशालाही नाही म्हटलं की त्याचं ठरलेलं. म्हणायचा, "नाय म्हणतो तो खालचा साहेब. वर आणखी एक असतोच." हे घरातसुद्धा. श्रावणात बायकोने सुकट करायला नकार दिला, तर ह्याने सासूकडे दाद मागितली. सासू नाही म्हणाली, तर तिच्या थोरल्या बहिणीकडे. ती किन्हवलीला राहायची, हा तिथवर चालत गेला. तिने निकाल ह्याच्या बाजूने दिला, पण तोवर श्रावण संपला होता. तरी तो खूश. सुकट त्याला एवढी आवडतही नव्हती.

असा माणूस शेजारी असावा, दुरून हसायला बरा. माझ्या दुर्दैवाने माझं काम त्याच्याकडे गेलं.

कुंदा माझ्या मुलाची मुलगी. पायाळू, घरीच झाली, उशिरा रडली. पाय धरले नाहीत ते नाहीतच. बोलायची, पण तिचं बोलणं आम्हा घरच्यांनाच समजायचं, बाहेरच्याला नुसता आवाज. डोकं मात्र आमच्या सगळ्यांपेक्षा जास्त चालायचं. तिला फिट यायची. त्यावर गोळ्या होत्या, त्या रोज लागायच्या. गोळी चुकली की फिट, आणि फिट आली की पुढे दोन दिवस पोर ओल्या फडक्यासारखी पडून. मुलगा भिवंडीला टेम्पोवर होता, काम असलं तर पैसे पाठवायचा. सून मजुरीला जायची. गोळ्यांचं कधी जमायचं, कधी नाही.

कोणीतरी सांगितलं की अशा पोरांना सरकारचे महिन्याला पैसे मिळतात, निराधारांच्या योजनेतून. मोठ्या दवाखान्याचा दाखला काढला, अर्ज केला. नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. सगळं नीट होतं. राहिली होती घरी येऊन करायची चौकशी.

आता खड्ड्याचं सांगते. पडून पडून कुंदाच्या पाठीला जखमा व्हायला लागल्या होत्या. भिंतीला टेकवली तर घसरायची. मग मी अंगणाच्या कडेला पहारीने एक खड्डा खणला, तिच्या मांड्यांच्या वर येईल एवढा. तिला त्यात उतरवायची, चारी बाजूंनी भाताचा पेंढा घट्ट ठासायचा, कमरेभोवती गोणपाट. पोर उभी राहायची. पुढे एक फळी ठेवली होती, तिच्यावर हात ठेवून रस्ता बघायची, कोंबड्या हाकलायची, येणाऱ्याजाणाऱ्याला काहीबाही म्हणायची. मला माझी कामं करता यायची. हे मला कोणी शिकवलं नव्हतं. वेळूचा खांब पुरताना कसा घट्ट करतात ते बघितलेलं होतं, तसंच केलं.

चौकशीला माणूस आला तो मोटरसायकलवर. परतीचा पाऊस पडून गेला होता, रस्ता ते अंगण चिखल होता. त्याने बूट काही खाली टेकवले नाहीत. मी भाकऱ्या थापत होते, तशीच पिठाच्या हातांनी बाहेर आले. त्याने रस्त्यावरून ओरडून विचारलं, अर्जातली मुलगी हीच का? मी म्हटलं, हीच. चहाला या म्हटलं, तर नको म्हणाला आणि गेला. मला वाटलं, भला माणूस आहे, फार विचारत नाही.

अर्ज नामंजूर झाला. कंडक्टरने नंतर कागदाची नक्कल मिळवली. त्यात लिहिलं होतं की मुलगी अंगणात कोणाच्याही आधाराशिवाय उभी असलेली समक्ष पाहिली. शिवाय अर्जात वय आठ लिहिलं आहे, पण मुलगी सुमारे चार वर्षांची दिसते. रस्त्यावरून खड्डा दिसत नाही, मध्ये गोवऱ्यांची रास होती. खड्ड्यात पोरीचं निम्मं अंग गेलं, त्याबरोबर निम्मं वयही गेलं. आम्ही दुहेरी खोटे ठरलो.

नामंजुरीची बातमी ऐकून लोक आमच्याकडे आले ते मयताला येतात तसे. कंडक्टर बारशाला आल्यासारखा आला. पेन्सिल कानावरून काढून म्हणाला, "वयनी, हे झकास झालं. ह्याच्यात अपील आहे."

मी म्हटलं, माझ्याकडे गोळ्या नाहीत आणि तुम्हाला झकास वाटतंय.

पहिला हुकूम त्याने सोडला तो खड्ड्याबद्दल. खड्डा हा पुरावा. बुजवायचा नाही आणि वापरायचाही नाही, कारण वापरला तर कडा ढासळतील आणि खोली बदलेल. त्याने स्वतः चार खुंट्या ठोकल्या आणि भोवती सुंभ बांधला.

"मग पोरीला उभी कुठं करू?" मी विचारलं.

"निकालापर्यंत कळ काढा."

मी कळ काढली नाही. तो गेल्यावर पहार घेतली आणि घरामागे दुसरा खड्डा खणला. संध्याकाळी तो आला आणि कुंदाला तिथे उभी बघून डोक्याला हात लावला.

"दोन खड्डे झाले, वयनी. आता साहेब विचारील, कुठला?"

"सांगा, ज्याच्यात पोर आहे तो."

"पण तो नवा."

"मग सांगा, ज्याच्यात पोर नाही तो. तुमाला बोलायला थोडंच कोणी शिकवायला पायजे, भावोजी?"

कुंदा हसायला लागली. ती हसली की तिचं सगळं अंग हसायचं, पेंढासुद्धा हलायचा. त्याला वाटलं ती त्याच्या बाजूने हसतेय.

ह्या पुराव्यात पुढे शेजाऱ्यांचं वासरू पडलं. सगळी पोरंटोरं वासरू काढायला धावली आणि हा काठावर उभा राहून ओरडतोय, उजवीकडची कड सांभाळा, उजवीकडची. वासरू लंगडं झालं नाही हे नशीब, नाहीतर गावच्या जावयाचं काय झालं असतं सांगता येत नाही.

कचेरीतल्या एका कारकुनाने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की मावशी, अपिलाच्या फंदात पडू नका, नवा अर्ज करा, पुढच्या बैठकीत बघू. मला ते पटलं. मला पैसे हवे होते, न्याय नको होता. कंडक्टरला सांगितलं तर तो पिसाळला. नवा अर्ज म्हणजे पहिला खोटा होता अशी कबुली. आणि चौकशीला परत तोच मोटरसायकलवाला येणार, तो काय, मी चुकलो असं लिहील? हा दुसरा मुद्दा मात्र खरा होता. मुलालाही त्याचंच पटलं. तरी मी त्याला ऐकवलं.

"अपील तुमाला पायजे. पोरीला गोळ्या पायजेत."

"दोनी एकच," तो म्हणाला.

"एक नाय. एक तोंडात घालता येतं."

अपील गेलं आणि पडून राहिलं. उन्हाळ्यात मुलाचा टेम्पो दुरुस्तीला उभा राहिला. मी गोळ्या अर्ध्या करून पुरवल्या. व्हायचं तेच झालं. कुंदाला फिट आली तेव्हा नेमका कंडक्टर तारखेचं सांगायला आला होता. मी तिला कुशीवर वळवलं, लाळ पुसत बसले. तो उंबऱ्यात उभा राहून बघत होता. तसाच निघून गेला. दुसऱ्या दिवशी गोळ्यांची रिकामी पट्टी नेऊन मुरबाडहून तीच गोळी घेऊन आला. मी काही म्हणायच्या आत म्हणाला, "हे अपिलात धरायचं नाय." त्या माणसाला सरळ काही देताही यायचं नाही.

तारीख लागली ती ऐन लावणीत. मोठ्या साहेबाची कचेरी लांब, दोन गाड्या बदलून जायचं. सून लावणीला गेलेली, कुंदाला ठेवायची कोणाकडे? आणि खरं सांगायचं तर ठेवायचीच नव्हती. माझा विचार सरळ होता. साहेबाच्या टेबलावर पोर ठेवायची आणि म्हणायचं, हिला उभी करून दाखवा. मी तिला काखेत मारून फाट्यावर गेले. कंडक्टर आधीच उभा होता, इस्त्रीचा सदरा घालून. कुंदाला बघून त्याचं तोंड उतरलं.

"हिला कशाला घेतली?"

"साहेबाला दाखवायला."

"पोर काय वाटा हाय मासळीचा, फडक्यावर मांडून दाखवायला? आपण मागायला नाय चाललो. त्यांची चूक दाखवायला चाललोय."

"चुकीला कोण विचारतो, भावोजी? पोर बघितली की मुकाट्याने सही करतील."

"म्हणूनच," तो म्हणाला. मला त्याचं ते म्हणूनच तेव्हा काही कळलं नाही. गाडी आली.

गाडीत तो बसला नाही. दाराशी उभा राहून खऱ्या कंडक्टरला, विशीतल्या पोराला, कामं सांगत राहिला. पोराने वैतागून विचारलं, आजोबा, तिकीट? तर हा म्हणाला, आधी मागून सुरुवात कर, पुढची माणसं कुठं पळत नाहीत. मी खिडकीकडे तोंड फिरवलं. ओळखच दाखवली नाही.

कचेरीत गेल्यावर त्याने कुंदाला व्हरांड्यात एका खांबाला टेकवून बसवायला लावलं आणि मला बजावलं की आत तिचं नाव काढायचं नाही. आमचा पुकारा झाला. साहेब तरुण होता, दमलेला. टेबलावर कागदांचा ढीग. कंडक्टरने सुरुवात केली. खड्डा, पेंढा, गोवऱ्यांची रास, मोटरसायकल, इथवर ठीक होतं. पुढे तो कान कोरणाऱ्या म्हाताऱ्यावर गेला. मी त्याचा सदरा मागून ओढला. साहेबाने घड्याळ बघितलं.

"मुलगी आणली आहे का?" साहेबाने विचारलं.

"नाही," कंडक्टर म्हणाला.

मी तोंड उघडलं, तर त्याने माझ्या पायावर पाय दिला. वहाणेसकट.

"मग मी ठरवू कसं? ती उभी राहते असं इथं लिहिलेलं आहे. तुम्ही म्हणता खड्डा होता. खड्डा मला कसा दिसणार?"

"साहेब, जरा खिडकीशी येता का?"

असं म्हणून तो बाहेर गेला. त्या कचेरीच्या आवारात झाडं लावायला खड्डे खणून ठेवले होते. रोपं आली नव्हती, खड्ड्यांत पाणी आणि गाळ साचला होता. इस्त्रीच्या सदऱ्यातला तो सहा फुटी म्हातारा आवार ओलांडून गेला आणि त्यातल्या एका खड्ड्यात उतरला. उतरला म्हणजे आधी मांड्यांपर्यंत गेला, मग गाळात आणखी खाली गेला. मधल्या मेंदीच्या कुंपणावरून नुसता सदरा आणि डोकं दिसत होतं.

"साहेब," तो ओरडला, "मी कोणाच्या आधाराशिवाय उभा हाय. लिवून घ्या. आणि माझं वय सांगा."

कारकून बाहेर आले. शिपाई आला. चहावाला किटली घेऊन थांबला. कोणीतरी म्हणालं, बालवाडीत घाला. साहेब खिडकीत आला होता. त्याला हसू आवरेना, रागावू की काय करू असं त्याचं झालं होतं. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. ह्याने आमची केस घालवली, आता गोळ्या गेल्या, पैसे गेले, आणि ह्या चिखलातून ह्याला मलाच काढावं लागणार.

तेवढ्यात कुंदाने बघितलं. ती व्हरांड्यातून हसायला लागली. तिचं हसणं सांगितलंच मी, सगळ्या अंगाने. हसता हसता ती खांबावरून घसरली आणि फरशीवर आडवी झाली. आडवी झाली ती तशीच. पाय एकीकडे, मान एकीकडे. उठायला येत नव्हतं, पण हसणं थांबत नव्हतं. सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. साहेबाचीही वळली. मी धावत गेले, तिला बगलेत हात घालून उचलली, पाय सरळ केले, परत टेकवली. ती परत घसरली.

साहेब खिडकीतून बघतच राहिला.

खड्ड्यातून कंडक्टर ओरडत होता. "तिकडं नाय, साहेब. इकडं बघा. तिकडं बघू नका, इकडं बघा."

त्याचा आवाज फाटला होता. त्याने दोन्ही हात वर केले होते, गाडी थांबवल्यासारखे. आता कोणीच त्याच्याकडे बघत नव्हतं. मी पोरीला धरून बसले होते, मला तो स्वच्छ दिसत होता. हा माणूस पोरीऐवजी खड्ड्यात उतरला होता, हे मला तेव्हा कळलं. कळलं म्हणून माझा राग गेला असं नाही. त्या फजितीची काही गरज नव्हती, आणि जे तो झाकत होता तेच सगळ्यांनी बघितलं.

त्याला मी आणि शिपायाने मिळून ओढून काढला. एक वहाण गाळातच राहिली. परत जाताना तो दोन्ही गाड्यांत दाराशी उभा न राहता सीटवर बसून आला. उतरल्यावर थापाही मारल्या नाहीत.

निकाल महिन्याभराने आला. कंडक्टरच घेऊन आला. पैसे मंजूर झाले होते. मी देवापुढे साखर ठेवली, त्याच्या हातावर ठेवली. तो साखर हातात धरून कागद परत परत वाचत होता.

"ह्यात लिवलंय, सहानुभूतीपूर्वक विचार करून."

"बरं लिवलंय की."

"सहानुभूती कोणी मागितली? चौकशी चुकली, असं कुठंय? मुलगी उभी राहत नाय, वय आठ, असं कुठंय? वयनी, तो जुना कागद तसाच राहिला. त्याच्यावर दया करून पैसे दिलेत. म्हणजे आपण खोटेच."

त्याला आणखी वर जायचं होतं. जिंकलेल्या अपिलावर अपील. तो जावई म्हणून मी एवढी वर्षं जे गिळलं होतं ते सगळं त्या दिवशी बाहेर आलं. म्हटलं, पोरीचे पैसे चालू होतायत, त्यात तुम्ही खीळ घालणार, ते परत चौकशी लावणार, बंद करणार. तुम्हाला शब्द पाहिजे, मी काय शब्द पाण्यात कालवून पाजू तिला? तुमच्या बायकोने म्हशीखाली आयुष्य काढलं तेवढं पुरे झालं, माझ्या नातीला त्यात ओढू नका. त्याने ऐकून घेतलं. साखर परत ताटलीत ठेवली. म्हणाला, पैसे बंद होणार नाहीत, दुरुस्तीचा अर्ज वेगळा असतो. मी म्हटलं, माझी सही मिळणार नाही.

कुंदा बाजूला गोधडीवर पडून ऐकत होती. ती काहीतरी म्हणाली.

"काय म्हणते?" त्याने विचारलं.

मला सांगायचं नव्हतं. तिने परत म्हटलं, मोठ्याने.

"म्हणते, पैसे घ्या आणि भांडा पण."

तो एवढा हसला की मला दोघांचाही संताप आला.

पैसे मिळत गेले, ते सांगून टाकते. कधी उशिरा, कधी दोन महिन्यांचे एकदम, पण मिळाले आणि गोळ्या चुकल्या नाहीत. दुरुस्तीच्या अर्जाला उत्तर कधीच आलं नाही. तो दर वर्षी स्मरणपत्र टाकायचा, मरेपर्यंत टाकत होता.

दुरुस्तीचा तो पहिला अर्ज मात्र त्याने आमच्या घरीच लिहिला. सुबक अक्षर होतं त्याचं, शाळेच्या फळ्यावर असतं तसं. माझी सही नाही म्हटल्यावर तो म्हणाला की चुकीचं लिहिलंय ते तिच्याबद्दल, तर अर्जदार तीच. शाईचा पॅड काढला. मी म्हटलं, सज्ञान नसलेल्या पोरीच्या अंगठ्याला कोण विचारतो? तो म्हणाला, कोणी नाय विचारत. आणि अंगठा डाव्या हाताचा लागतो.

कुंदाची डावी मूठ जन्मापासून मिटलेली, अंगठा आत. मी म्हटलं, उजव्याचा घ्या. म्हणाला, रीत डाव्याची. तिची मूठ कोणी उघडायला गेलं की आणखी आवळते. तिचं लक्ष दुसरीकडे गेलं की आपोआप सैल होते, पण कधी होईल त्याचा भरवसा नसतो. मी त्याला हे सांगितलं आणि म्हटलं, बसा आता.

तो बसला. जमिनीवर, पॅड एका हातात धरून, तिच्या मुठीशेजारी. मूठ धरली नाही. माझा स्वयंपाक झाला, सून कामावरून आली, तिने त्याला ओलांडून पाणी भरलं. कुंदा आधी त्याच्याकडे बघून हसत होती, मग कंटाळली, मग दारातल्या कोंबडीकडे बघत राहिली. मूठ सैल झाली. त्याने तिचा अंगठा पॅडला लावला आणि कागद खाली सरकवला. तेवढ्यात तिचा हात उडाला आणि ठसा खाली रेघेवर न येता वर मजकुरावर आडवा उमटला, चार ओळी काळ्या करून.

मी म्हटलं, घ्या, आता सगळं परत लिहा.

"नाय," तो म्हणाला. कागदावर फुंकर घातली. "हाच जाईल."